बॅरल तिकडं, बोर्ड इकडं: पेट्रोलचा भाव ठरतो कुठं?

आखातात काही झालं की नागपुरात पेट्रोल काहून महागते, हे बरेच जण विचारतात, तर तिथूनच सुरू करू. आपल्याला लागणारं 85 टक्क्यांहून जास्त कच्चं तेल आपण बाहेरून आणतो, तेही डॉलर मोजून. जगात वापरल्या जाणाऱ्या तेलाचा साधारण पाचवा हिस्सा आखाताच्या तोंडाशी असलेल्या होर्मुझच्या चिंचोळ्या सामुद्रधुनीतून जातो, त्यामुळं तिथं एखाद्या जहाजावर हल्ला झाला तरी भाव चढतो, पुरवठा एक थेंबही घटलेला नसतो तरी, कारण व्यापारी उद्याची भीती आजच्या भावात धरतात. 1973 ला अरब देशांनी तेल अडवलं तेव्हा 3 डॉलरच्या आसपासचं बॅरल काही महिन्यांत 12 डॉलरजवळ गेलं. मार्च 2022 मध्ये युक्रेन युद्धात ब्रेंट, म्हणजे ज्या तेलावरून जगात भाव मोजतात ते, 139 डॉलरला टेकून आलं.

हे झालं बाहेरचं. आता हिशोब करा. समजा बॅरल 70 डॉलर, डॉलर 85 रुपये, एका बॅरलमध्ये 159 लिटर, म्हणजे कच्चं तेल पडलं लिटरला साडेसदतीस रुपये. त्यात जहाजाचं भाडं, विमा, रिफायनरी, खापरीच्या डेपोतून निघणारा टँकर, पंपवाल्याचं कमिशन, सगळं घाला, तरी पंपावरचा शंभराच्या वरचा आकडा जुळत नाही. बाकीचा टॅक्स आहे भाऊ. केंद्राची एक्साइज, म्हणजे उत्पादन शुल्क, लिटरमागं ठरलेले रुपये, राज्याचा व्हॅट, म्हणजे विक्रीवरचा कर, टक्क्यात अन् वरून लिटरमागं थोडे रुपये, आणि हा व्हॅट एक्साइज अन् कमिशन धरून झालेल्या भावावर लागतो. टॅक्सवर टॅक्स!

2020 चा एप्रिल आठवा. ब्रेंट 20 डॉलरच्या खाली, अमेरिकेतला वायदा, म्हणजे पुढं द्यायच्या तेलाचा आधीच केलेला सौदा, तर एक दिवस उणे 37 डॉलर. मग आपल्याला स्वस्त मिळालं का? मार्चमध्ये केंद्रानं एक्साइज 3 रुपये वाढवली होती, मेमध्ये पेट्रोलवर आणखी 10 आणि डिझेलवर 13, म्हणजे स्वस्ताई परस्पर तिजोरीत गेली. लॉकडाऊन होतं, सरकारला पैसा लागत होता, मान्य. पण जूनपासून तेल चढायला लागलं तशी वाढ रोज सकाळी 6 वाजता आपल्या पंपावर यायला लागली, आणि एक्साइज उतरायला नोव्हेंबर 2021 उजाडलं.

त्यानंतरचं तर अजूनच पाहण्यासारखं आहे. जून 2017 पासून भाव रोज बदलायची पद्धत आली होती, तरी नोव्हेंबर 2021 ते मार्च 2022, यूपी-पंजाबच्या निवडणुका होत होत्या, युद्धही पेटलं होतं, कंपन्यांनी भाव हलवलाच नाही, निकाल लागले अन् 22 मार्चपासून दोन आठवड्यांत लिटरमागं 10 रुपये वाढले. याला बाजार म्हणायचं का?

डिझेल वाढलं की नागपुरातल्या कळमन्याच्या बाजारात येणाऱ्या प्रत्येक गाडीचं भाडं वाढते, म्हणजे ज्याच्या घरी साधी स्कूटर नाही तोही कांदे-बटाट्यात हा टॅक्स भरून राहिला. पेट्रोल-डिझेल जीएसटीत आणायची तरतूद कायद्यात आहे, पण केंद्र आणि राज्य दोघांचंही उत्पन्न त्यात अडकलेलं, म्हणून कोणी पुढं सरकत नाही. ते होईल तेव्हा होईल, तोवर निदान एक्साइजवरचा व्हॅट काढा, आणि पंपाच्या बोर्डावर भावाशेजारी टॅक्स किती तो वेगळा लिहा.