उरलेल्या गोळ्या आणि गाईच्या पोटातलं विरजण

शेतकरी बंधूंनो, भगिनींनो, नमस्कार.

गेल्या पावसाळ्यात शिरूर तालुक्यातल्या एका गोठ्यावरून बोलावणं आलं. गाय दोन दिवस वैरणीला तोंड लावत नव्हती. रवंथ बंद, दूध निम्म्यावर. घरातल्या ताई म्हणाल्या, "डॉक्टर, वासराला हगवण लागली होती, तेव्हाच्या टेट्रासायक्लिनच्या गोळ्या उरल्या होत्या. गाय जरा मलूल दिसली, म्हणून त्याच गुळातून चारल्या." ताईंनी केलं ते मायेपोटीच. पण त्या गोळ्यांनी गाईचं पोट बंद पाडलं.

असं का झालं? आपण रात्री दुधाला विरजण लावतो आणि सकाळी दही होतं. गाईचं कोठीपोट म्हणजे अशीच विरजण लावलेली घागर, फक्त शंभर लिटरहून मोठी. त्यातले असंख्य सूक्ष्मजीव वैरण आंबवतात आणि त्यांच्या जिवावर गाय जगते. तोंडावाटे दिलेलं प्रतिजैविक, म्हणजे टेट्रासायक्लिनसारखं जंतू मारणारं औषध, आधी तिथंच जाऊन पडतं आणि रोगाच्या जंतूंआधी हे कामाचे जीव मारतं. म्हणूनच मोठ्या गाई-म्हशींना, शेळ्यांना डॉक्टर बहुधा इंजेक्शन देतात. त्या गाईला आम्ही दुसऱ्या निरोगी गाईच्या कोठीपोटातलं पाणी नळीनं काढून पाजलं. नवं विरजणच लावलं म्हणा. चौथ्या दिवशी ती रवंथ करू लागली.

लहान वासराचं कोठीपोट तयार झालेलं नसतं, त्यामुळे त्याला गोळी चालते. पण हगवण लागली की गोळी हवीच, असं नाही. पुष्कळदा कारण विषाणू किंवा कॉक्सिडिया नावाचे आतड्यातले परजीवी असतात. वासरू दगावतं ते अंगातलं पाणी आणि क्षार निघून गेल्यामुळे. तेव्हा आधी क्षारांचं पाणी पाजा. पुण्यात औंधच्या रोग अन्वेषण विभागात शेणाचा नमुना तपासून मिळतो. टेट्रासायक्लिन दिलंच, तर ते दुधातून देऊ नका, दुधातलं कॅल्शियम ते बांधून ठेवतं. आणि पातळ औषध पाजताना वासराची मान वर ताणू नका. ते फुप्फुसात गेलं तर न्यूमोनिया ठरलेला.

कोंबड्यांना औषध पाण्यातून जातं. एप्रिल-मेच्या उन्हात पक्षी कितीतरी जास्त पाणी पितात, म्हणून मात्रा पाण्याच्या लिटरवर नव्हे, पक्ष्यांच्या वजनावर काढून घ्या. आणि कोलिस्टिन नावाचं प्रतिजैविक कुणी देऊ केलं तर घेऊ नका. माणसांसाठी तो अगदी शेवटचा उपाय आहे. २०१९ पासून आपल्या देशात अन्नासाठी पाळलेल्या जनावरांत त्याला बंदी आहे.

आता दुधाकडे येतो. औषधाचा अंश असलेल्या दुधाला विरजण नीट लागत नाही, हे काहींनी पाहिलं असेल. दूध उकळून तो अंश जाईल, या भरवशावर राहू नका. आणि पेनिसिलीन न सोसणाऱ्या माणसाच्या ते जिवावर बेतू शकतं. शेवटच्या मात्रेनंतर किती दिवस दूध डेअरीला घालायचं नाही, ते औषधाच्या लेबलवर असतं. २०१२ च्या नियमानुसार तिथं काही लिहिलं नसेल, तर दूध आणि अंड्यांसाठी किमान ७ दिवस, मांसासाठी २८ दिवस धरा. ते दूध वासरांनाही पाजू नका.

धार काढणारा माणूस रोज तोच असतो असं नाही. म्हणून उपचार चालू असलेल्या गाईच्या मागच्या पायाला लाल चिंधी बांधा, तिची धार सगळ्यांत शेवटी, वेगळ्या भांड्यात काढा, आणि दिवस भरल्याशिवाय चिंधी सोडू नका.