आजी गाडीत बसल्या आहेत

(व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. पत्रिकेवर विषय छापलाय ‘फॅमिली थेरपिस्ट कसा घडतो’, म्हणजे माझ्यासारखा, एकट्या माणसाऐवजी सगळ्या घराला बसवून उपचार करणारा. त्याकडे येतेच, पण आधी एका घराची गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.

मला येणारे बहुतेक फोन एकाच वाक्याने सुरू होतात: ‘मॅडम, याला जरा समजावून सांगा.’ हा ‘याला’ कधी मुलगा असतो, कधी सून, कधी नुकतेच निवृत्त झालेले वडील. मिक्सर दुरुस्तीला टाकावा तसं घरातलं एक माणूस माझ्याकडे टाकायचं आणि तासाभराने न्यायला यायचं! (हशा) हसताय, पण मला याचा मनापासून त्रास होतो. कारण ज्याला आणतात, तो बहुधा घरातला सगळ्यात दमलेला माणूस असतो.

तर, चौदा वर्षांचा मुलगा. दर रविवारी रात्री पोटात दुखायचं, सोमवारी शाळा बुडायची. बालरोगतज्ज्ञांनी तपासलं होतं, सोनोग्राफी झाली होती, काही सापडलं नव्हतं. हे आधी झालेलं असलंच पाहिजे, बरं का. आई, बाबा, मुलगा असे तिघं आले. तीन वेळा आले, तिन्ही वेळा मुलगा मधल्या खुर्चीत. आईला काही सांगायचं असलं की ती त्याच्याकडे बघून बोलायची, बाबाही तसंच. तिसऱ्या खेपेला मी सहज विचारलं, घरी आणखी कोण असतं? ‘आई आहे माझी,’ बाबा म्हणाले. ‘खाली गाडीत बसलीय. गुडघे दुखतात तिचे. आणि तिचा काय संबंध?’

आजी दर वेळी आल्या होत्या आणि तासभर गाडीत बसून राहिल्या होत्या!

वर यायला त्यांना दहा मिनिटं लागली. बसल्या, पाणी प्यायल्या. मी विचारलं, आजी, तुम्हाला काय वाटतं? त्या म्हणाल्या, ‘अहो, याचं पोट दुखतं तेव्हाच ही दोघं एकमेकांशी बोलतात.’

खोलीत कुणी हललं नाही. बाबा नोकरीनिमित्त सोमवारी पहाटे परगावी जायचे, ते थेट शनिवारी परत. पोट दुखलं की जाणं एक दिवस लांबायचं, ओवा कुठेय, डॉक्टरांना फोन केला का, एवढा तरी संवाद व्हायचा. एरवी ‘बाबांना सांग ताट वाढलंय’. पोरगा निरोप्या झाला होता. खोटं दुखत नव्हतं हो, खरंच दुखत होतं. मी पहिलं काम केलं ते खुर्च्या बदलण्याचं. आई-बाबा समोरासमोर, मुलगा आजीशेजारी. पुढे पाच महिने लागले. मधे दोनदा त्यांनी येणं सोडलंही होतं.

खुर्च्या हलवणं ही माझी युक्ती नव्हे. साल्वादोर मिनुचिन हे अर्जेंटिनात जन्मलेले डॉक्टर. १९६५पासून फिलाडेल्फियाच्या बालमार्गदर्शन केंद्राचे ते प्रमुख होते, आणि घरातली माणसं कुणाच्या बाजूने, कुणाच्या मधे बसतात यावरून घराची रचना वाचायला त्यांनी शिकवलं. पण मला त्याहून जवळचं वाटतं ते आपलं अमृतसर. १९५०च्या दशकात तिथल्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी आवारात तंबू ठोकले आणि नातेवाइकांना रुग्णाजवळ राहायला बोलावलं. रुग्णाला दाखल करून घरी निघून जाण्याचा तो काळ! तमिळनाडूत वेल्लोरच्या रुग्णालयातही घरच्यांनी सोबत राहायची पद्धत पडली. हे आपल्या पाठ्यपुस्तकांत पहिल्या धड्यात हवं, असं मी प्रत्येक व्यासपीठावरून सांगते.

चिठ्ठी आलीय, पाच मिनिटं. मग मूळ विषय भराभर सांगते.

भारतात ‘फॅमिली थेरपिस्ट’ असा वेगळा परवाना नाही. बहुतेक जण मानसशास्त्र किंवा समाजकार्य शिकून येतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला, म्हणजे मानसिक आजारांवर उपचार करणाऱ्या मानसशास्त्रज्ञाला, भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. म्हणून कुणाकडे जाताना शिक्षण आणि नोंदणी बिनधास्त विचारा, कुणी रागावलं तर उठून या. पदवीपेक्षा जास्त घडवतं ते सुपरव्हिजन, म्हणजे ज्येष्ठांसमोर आपली सत्रं उलगडून दाखवणं. मी अजूनही घेते. कारण घरात शिरलं की आपण नकळत कुणाची तरी बाजू घेतो. मी सुनांची घ्यायचे, हे मला दुसऱ्याने दाखवलं. नोकऱ्या? रुग्णालयं, संस्था, आणि कौटुंबिक न्यायालयांतले समुपदेशक, ज्यांची तरतूद १९८४च्या कायद्यातच आहे. सुरुवातीला पैसे कमी, संध्याकाळी आणि रविवारी काम, कारण सगळं घर तेव्हाच मोकळं असतं.

आणि हे घाईत राहून जायला नको: घरात मारहाण असेल तर सगळ्यांना एका खोलीत बसवायचं नाही. तिथे आधी बाईची सुरक्षितता, कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा २००५चा कायदा, त्यातले संरक्षण अधिकारी. मारणाऱ्याला समोर बसवून तिला ‘बोल, काय होतं’ विचारलं, तर घरी गेल्यावर त्या उत्तराची किंमत तिला मोजावी लागते.

वेळ संपलीच. ज्यांना या कामात यायचंय त्यांनी थांबा, मी जिन्यापाशी आहे. आणि ज्यांना फोन करायचाय त्यांनी घरात कोण कोण राहतं ते आधी सांगा. आमच्या इमारतीत आता लिफ्ट आहे.