कॅरेक्टर टेबल सारखं, ग्रुप वेगळे

(नागपुरात एमएस्सी गणिताच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेलं व्याख्यान, संपादित स्वरूपात.)

बाहेर ४४ अंश आहे आणि वर्धा-भंडाऱ्याच्या मंडळींना गाडी गाठायची आहे, तेव्हा थेट कामाला लागू. आज फळ्यावर मुख्यतः दोनच ग्रुप राहतील, दोन्ही ८ घटकांचे. एक चौरसाच्या सममितींचा, डी-८. दुसरा हॅमिल्टनच्या क्वाटर्नियनांमधल्या ±१, ±आय, ±जे, ±के यांचा, क्यू-८.

दोघांचंही कॅरेक्टर टेबल वहीत शेजारी-शेजारी मांडा. रिप्रेझेंटेशन म्हणजे ग्रुपचे घटक मॅट्रिक्सच्या रूपात लिहिणं, कॅरेक्टर म्हणजे त्या मॅट्रिक्सांचे ट्रेस, आणि पुढे फोडता न येणाऱ्या रिप्रेझेंटेशनच्या कॅरेक्टरांचा तक्ता म्हणजे हे टेबल. दोघांत ५ कॉन्ज्युगसी क्लास (एकमेकांचे कॉन्ज्युगेट असलेल्या घटकांचे गट), चार रिप्रेझेंटेशन १ डायमेन्शनची आणि एक २ डायमेन्शनचं. डायमेन्शनच्या स्क्वेअरची बेरीज १+१+१+१+४ = ८, बरोबर. आता आकडे ताडून पाहा. एकही वेगळा निघणार नाही. फ्रोबेनियसने १८९६ मध्ये उभं केलेलं हे यंत्र इतकं ताकदीचं, पण हे दोन ग्रुप त्याला ओळखता येत नाहीत. घटकांचे वर्ग (म्हणजे स्क्वेअर) कुठे जातात हे वेगळं सांगितलं, तर मात्र भेद कळतो: २ डायमेन्शनच्या कॅरेक्टरची वर्गांवरची सरासरी डी-८ मध्ये (६×२ − २×२)/८ = १ येते, क्यू-८ मध्ये (२×२ − ६×२)/८ = −१. पण ही माहिती टेबलात नसते, ती बाहेरून आणावी लागते.

आता कॉम्प्लेक्स संख्या सोडून २ घटकांच्या फील्डवर या, जिथे ० आणि १ एवढंच असतं आणि १+१ = ०. इथे माश्केचं प्रमेय, म्हणजे ग्रुप जिला स्वतःतच ठेवतो अशा प्रत्येक सबस्पेसला तशीच पूरक सबस्पेस मिळते हे विधान, कोसळतं. नेमकं कुठे, ते बघा. व्ही या रिप्रेझेंटेशनच्या स्पेसमध्ये डब्ल्यू ही ग्रुप जिला स्वतःतच ठेवतो अशी सबस्पेस आहे. डब्ल्यूवरचं कुठलंही लिनिअर प्रोजेक्शन घ्यायचं, ग्रुपच्या प्रत्येक घटकाने त्याला कॉन्ज्युगेट करायचं, सगळ्यांची बेरीज करून ८ ने भागायचं. ८ म्हणजे इथे शून्य, भागणार कसं? दरवर्षी कुणीतरी सुचवतं, “सर, भागूच नका, नुसती बेरीज ठेवा.” ठेवा. डब्ल्यूवर ती बेरीज ८ पट आयडेंटिटी होते, म्हणजे शून्य. मग ते प्रोजेक्शन उरलंच नाही.

पण प्रमेय कोसळलं तरी किती कोसळलं हे मोजता येतं, आणि ते मोजमाप म्हणजेच कोहोमॉलॉजी. व्हीच्या मॅट्रिक्स वरच्या-त्रिकोणी ब्लॉकमध्ये लिहा: डावीकडे वर अ(ग), म्हणजे डब्ल्यूवरची क्रिया, उजवीकडे खाली क(ग), म्हणजे उरलेल्या भागावरची, उजव्या वरच्या कोपऱ्यात ब(ग). गुणाकार केलात की ब(गह) = अ(ग)ब(ह) + ब(ग)क(ह) मिळतं. आता फ(ग) म्हणजे ब(ग) गुणिले क(ग)चा इन्व्हर्स असं घ्या. समीकरण स्वच्छ होतं: फ(गह) = फ(ग) + ग·फ(ह), जिथे ग· म्हणजे डावीकडून अ(ग) आणि उजवीकडून क(ग)चा इन्व्हर्स लावणं. हा कोसायकल. परीक्षेत बरेच जण इन्व्हर्स न लावता नुसता ब घेतात आणि समीकरण का जमत नाही म्हणून पानभर झगडतात. बेसिस बदलून पूरक सबस्पेस दुसरी निवडली, तर फ मध्ये ग·म − म इतकाच फरक पडतो, इथे म ही ठरावीक मॅट्रिक्स. अशा फरकाने जो फ पूर्ण शून्य करता येतो, त्याचा कोपरा पुसता येतो. जो करता येत नाही, तिथे व्ही दोन सुट्या भागांत फुटत नाही. सगळ्या कोसायकलमधून हे पुसता येणारे वजा केले की राहते पहिली कोहोमॉलॉजी, होम(क, अ), म्हणजे क पासून अ पर्यंतचे लिनिअर मॅप, या कोएफिशंटसह.

अ आणि क दोन्ही ट्रिव्हियल (१ डायमेन्शनचे, ग्रुप ज्यांवर काहीच हलवत नाही असे) असतील, तर ही नुसती ग्रुपपासून फील्डच्या बेरजेपर्यंतची होमोमॉर्फिझम. डी-८ आणि क्यू-८ दोघांचंही ॲबेलियनायझेशन (गुणाकाराचा क्रम विसरल्यावर उरणारा ग्रुप) ४ घटकांचं, क्लाइन फोर-ग्रुप, ज्यात प्रत्येक घटकाचा स्क्वेअर आयडेंटिटी असतो. म्हणून पहिली कोहोमॉलॉजी दोघांची २ डायमेन्शनची, अजूनही बरोबरीच. दुसऱ्या पायरीवर, म्हणजे दुसऱ्या कोहोमॉलॉजीत, मात्र वाटा फुटतात: डी-८ ला ३ डायमेन्शन, क्यू-८ ला २. याचा अर्थ, म्हणजे ग्रुप लिहायला किती संबंध लागतात, हाताने तपासता येतो. क्यू-८ दोन जनक आणि दोनच संबंधांत लिहिता येतो: क्ष चा वर्ग = य चा वर्ग, आणि क्ष ने य ला कॉन्ज्युगेट केलं की य चा इन्व्हर्स. डी-८ ला दोन जनकांवर तीन संबंध लागतातच.

शून्याव्या पायरीपासून कोहोमॉलॉजीच्या डायमेन्शनचे आकडे असे चालतात. डी-८: १, २, ३, ४, ५... थांबत नाहीत. क्यू-८: १, २, २, १, आणि पुन्हा १, २, २, १. हे आवर्तन भूमितीतून येतं: एकक क्वाटर्नियनांचा ३-स्फिअर, त्यावर क्यू-८ गुणाकाराने असा वागतो की आयडेंटिटी सोडून त्याचा कुठलाही घटक एकाही बिंदूला जागेवर ठेवत नाही. डी-८ कुठल्याही स्फिअरवर असं करू शकत नाही, कारण त्याच्या पोटात क्लाइन फोर-ग्रुप आहे. क्विलनने १९७१ मध्ये हेच सर्व फायनाइट ग्रुपसाठी सिद्ध केलं: मॉड-पी कोहोमॉलॉजी रिंगचं (पी घटकांच्या फील्डवरची सगळी कोहोमॉलॉजी एकत्र, पी प्राइम) क्रुल डायमेन्शन, म्हणजे ढोबळमानाने तिच्या वाढीचं माप, म्हणजे आतल्या सर्वांत मोठ्या एलिमेंटरी ॲबेलियन पी-सबग्रुपचा (पी घटकांच्या सायक्लिक ग्रुपांच्या गुणाकाराचा) रँक, म्हणजे त्यातल्या अशा ग्रुपांची संख्या. डी-८ ला २, क्यू-८ ला १. माझ्या मते या विषयात इतकं कमी बोलून इतकं जास्त सांगणारं दुसरं विधान नाही.

एक ठिकाण जिथे हमखास घसरायला होतं. एस-३, म्हणजे तीन वस्तूंच्या परम्युटेशनांचा ग्रुप, घ्या, फील्ड ३ घटकांचं. ट्रिव्हियल कोएफिशंटने पहिली आणि दुसरी, दोन्ही कोहोमॉलॉजी शून्य. लगेच “सगळं फुटतं” असं लिहू नका. तीन बेसिस व्हेक्टरांवरचं परम्युटेशन मॉड्यूल बघा. (१,१,१) ची बेरीज ३, म्हणजे शून्य. त्यामुळे तो व्हेक्टर शून्य-बेरजेच्या सबस्पेसमध्येच पडतो. खालून वर थर लागतात: ट्रिव्हियल, साइन (सम परम्युटेशनला १, विषमला −१), ट्रिव्हियल, आणि एकही सुटा होत नाही. ट्रिव्हियलला ट्रिव्हियल चिकटत नाही, पण साइन चिकटतं, म्हणून कोएफिशंट साइन घेतला की पहिली कोहोमॉलॉजी १ डायमेन्शनची येते. शिवाय ट्रिव्हियल कोएफिशंटवरही खेळ संपलेला नाही: ३ आणि ४ या डिग्रीत पुन्हा १-१, मग ७ आणि ८ मध्ये. दोन पायऱ्या रिकाम्या दिसल्या म्हणून जिना संपला असं धरू नका.

उलट बाजू सोपी आहे. फील्डची कॅरेक्टरिस्टिक (१ जितक्या वेळा मिळवला की शून्य येतो ती संख्या) ग्रुपच्या ऑर्डरला, म्हणजे घटकांच्या संख्येला, भागत नसेल, तर शून्याच्या वरची सगळी कोहोमॉलॉजी शून्य. सरासरीची तीच युक्ती, पुन्हा करत बसत नाही.

घरी एक गणित करा. क्यू-८ वर ३ घटकांचा सायक्लिक ग्रुप आय, जे, के फिरवतो. त्यातून २४ घटकांचा एसएल-२-३ (३ घटकांच्या फील्डवरच्या, डिटर्मिनंट १ असलेल्या २×२ मॅट्रिक्सांचा ग्रुप) तयार होतो. २ घटकांच्या फील्डवर त्याची कोहोमॉलॉजी म्हणजे क्यू-८ च्या कोहोमॉलॉजीतला न हलणारा भाग. २ डायमेन्शनच्या जागांवर हा फेरा शून्याखेरीज कुठलाही व्हेक्टर स्थिर ठेवत नाही, हे तुम्ही तपासा. उत्तर १, ०, ०, १ आणि पुन्हा तेच यायला हवं. मग एस-३ च्या मॉड-३ आकड्यांशी लावून पाहा.