सिझियम आणि गोड्या पाण्यातला मासा

फुकुशिमा दाइइची अणुवीज केंद्रात ११ मार्च २०११ रोजी सुरू झालेल्या अपघाताची चर्चा बहुतेक वेळा समुद्राभोवती फिरते. दूषित पाणी समुद्रात गेले आणि साऱ्या जगाने ते पाहिले, त्यामुळे हे स्वाभाविकही आहे. आज मला मात्र आपले लक्ष डोंगरातल्या ओढ्यांकडे आणि तळ्यांकडे वळवायचे आहे. केंद्राच्या वायव्येला असलेल्या इइताते गावच्या परिसरातून वाहणाऱ्या नीदा नदीत २०१२ च्या मार्च महिन्यात पकडलेल्या यामामे जातीच्या माशात किलोमागे १८,७०० बेक्वेरल इतके किरणोत्सर्गी सिझियम आढळले (एक बेक्वेरल म्हणजे सेकंदाला एका अणूचे विघटन). त्यानंतर लगेच, १ एप्रिलपासून, जपानमध्ये सर्वसाधारण अन्नासाठी जी मर्यादा लागू झाली, ती किलोमागे १०० बेक्वेरल होती. त्या किनाऱ्यावरचे बहुतेक समुद्री मासे काही वर्षांत मर्यादेच्या आत आले. डोंगरातल्या माशांवरचे निर्बंध मात्र अनेक ठिकाणी रेंगाळत राहिले. असे का घडते, याचे उत्तर माशाच्या शरीरात आहे आणि तो ज्या पाण्यात राहतो त्या पाण्यातही आहे.

समुद्रातल्या माशाभोवतीचे पाणी त्याच्या रक्तापेक्षा कितीतरी खारट असते. शरीरातले पाणी टिकवण्यासाठी तो सतत समुद्राचे पाणी पितो आणि नको असलेले क्षार कल्ल्यांवाटे बाहेर टाकत राहतो. गोड्या पाण्यातल्या माशाची अडचण नेमकी उलटी असते. बाहेरचे पाणी त्याच्या अंगात शिरत राहते आणि क्षार निसटू पाहतात, म्हणून तो भरपूर पातळ मूत्र टाकतो आणि कल्ल्यांतून व अन्नातून मिळणारा क्षाराचा प्रत्येक कण धरून ठेवतो. सिझियम हे रसायनदृष्ट्या पोटॅशियमचे भावंड आहे. स्नायूंना पोटॅशियम लागते, आणि ते घेणारी यंत्रणा सिझियमलाही आत घेते. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ४०० मिलिग्रॅम पोटॅशियम असते, तर अनेक तळ्यांत ते एक-दोन मिलिग्रॅमच असते. समुद्रात सिझियमच्या एका अणूसमोर पोटॅशियमचा प्रचंड जमाव उभा असतो. डोंगरातल्या तळ्यात तो जमाव जवळजवळ नसतोच. म्हणूनच समुद्री माशाच्या मांसातले सिझियम पाण्यातल्या प्रमाणाच्या साधारण शंभरपट असते, तर पोटॅशियम कमी असलेल्या तळ्यातल्या शिकारी माशांत ते हजारोपट होऊ शकते.

यावरून माझा मुख्य मुद्दा निघतो. एखाद्या प्रदेशावर किती सिझियम पडले, एवढ्यावरून तिथला मासा किती दूषित असेल हे ठरत नाही. चेर्नोबिलच्या अपघातानंतर, म्हणजे २६ एप्रिल १९८६ नंतर, हे फार ठळकपणे दिसून आले. रशियाच्या ब्र्यान्स्क प्रांतातले कोझानोव्स्कोये हे तळे अणुभट्टीपासून शेकडो किलोमीटर दूर आहे. तरीही अपघाताला दहा वर्षे उलटल्यावर तिथल्या माशांत किलोमागे हजारो बेक्वेरल सिझियम मोजले जात होते. या तळ्याभोवती पीटची दलदल आहे. चिकणमातीतील काही खनिजे सिझियमला इतके घट्ट पकडतात की ते पुन्हा सहजी सुटत नाही. कुजक्या वनस्पतींच्या पीटमध्ये ही पकड नसते, आणि सिझियम वर्षानुवर्षे झिरपून पाण्यात येत राहते. त्यातच पाण्याला बाहेर जायला पुरेशी वाट नसेल, तर साचलेले सिझियम तिथेच माशांतून, गाळातून आणि पाण्यातून फिरत राहते.

माशाच्या अंगात येणारे सिझियम बहुतांशी अन्नातून येते, त्यामुळे कोण काय खातो हे बारकाईने पाहावे लागते. जपानच्या नद्यांतला आयु हा मासा दगडांवर वाढणारे शेवाळ खरवडून खातो. पाण्याबरोबर वाहत आलेली बारीक माती त्या शेवाळावर बसलेली असते आणि तीही त्याच्या पोटात जाते. तिच्यातले बरेचसे सिझियम मातीच्या कणांनाच चिकटलेले असल्याने ते अंगी लागत नाही. म्हणून आयुच्या आतड्यात मांसापेक्षा अधिक सिझियम सापडते, आणि हा मासा आतड्यासकट भाजून खाण्याची रीत तिथे असल्यामुळे नमुना आतड्यासकट मोजला की ते काढून, हा प्रश्न केवळ तांत्रिक उरत नाही. आयुचे आयुष्य साधारण वर्षभराचे असल्याने दर वर्षी नव्या पिढीपासून नवा हिशेब सुरू होतो. इवाना हा थंड ओढ्यांतला मासा मात्र अनेक वर्षे जगतो आणि काठावरच्या झाडांवरून पडणारे किडेही खातो. त्याचे अन्न असे जंगलाशी जोडलेले आहे, आणि जंगलातला पालापाचोळा सिझियम दीर्घकाळ राखून ठेवतो.

किरणोत्सर्गी आयोडीन-१३१ चे अर्धायुष्य, म्हणजे त्यातले निम्मे अणू विघटित व्हायला लागणारा काळ, आठ दिवसांचे असते, सिझियम-१३४ चे सुमारे दोन वर्षांचे आणि सिझियम-१३७ चे सुमारे तीस वर्षांचे. मासा स्वतःही सिझियम बाहेर टाकतो, पण थंड पाण्यात आणि मोठ्या माशांत हे काम फार संथ चालते. स्ट्रॉन्शियम-९० ची वाट वेगळी आहे. ते कॅल्शियमच्या वाटेने हाडांत आणि खवल्यांत साठते, त्यामुळे केवळ मांस मोजून त्याचा अंदाज येत नाही.

उपाय अगदीच नाहीत असे नाही. बेलारूसमधल्या स्व्यातोये नावाच्या एका बंदिस्त तळ्यात १९९८ मध्ये पोटॅशियम क्लोराइड हा पोटॅशियमचा क्षार टाकण्यात आला. माशांतले सिझियम लक्षणीय घटले, मात्र पोटॅशियमने गाळातले सिझियम मोकळे केल्यामुळे पाण्यातले प्रमाण काही काळ वाढले. माशाला दिलासा मिळाला, पण पाणी पिणाऱ्याचा विचार वेगळा करावा लागला. एखाद्या बंद तळ्यासाठी हा उपाय मला मोलाचा वाटतो. वाहत्या नदीत मात्र टाकलेला क्षार वाहून जाईल.

त्यामुळे बहुतेक ठिकाणी मर्यादा आणि मोजणी यांवरच भिस्त राहते. स्वीडनने १९८७ मध्ये गोड्या पाण्यातले मासे, रेनडिअर आणि शिकारीचे मांस यांच्यासाठीची मर्यादा किलोमागे ३०० वरून १,५०० बेक्वेरलपर्यंत वाढवली, कारण बहुतेक लोक हे पदार्थ थोडेच खातात. परंतु तळ्याकाठी राहून आठवड्यातून अनेकदा स्वतः धरलेला मासा खाणाऱ्या कुटुंबाला हा हिशेब लागू पडत नाही, आणि मला सर्वाधिक काळजी त्यांचीच वाटते. संपूर्ण जिल्ह्याची सरासरी त्यांच्या कामाची नसते. त्यांना आपल्या तळ्याचे नाव, माशाची जात, त्याची लांबी आणि मोजणीचा महिना हे सारे कळायला हवे. उत्तर युरोपातल्या तळ्यांत चेर्नोबिलनंतर लहान मासे लवकर दूषित झाले, तर त्यांना खाणाऱ्या पाइकसारख्या शिकारी माशांत सिझियमचे शिखर एक-दोन वर्षे किंवा त्याहूनही उशिरा आले. पहिल्या उन्हाळ्यात पाइकची मोजणी समाधानकारक आली म्हणून तपासणी थांबवली, तर त्याच तळ्यातला पाइक सर्वाधिक दूषित होईल तेव्हा त्याला मोजणारे कोणीच नसेल.