काडी, वायर आणि वेंगुर्ला

[सकाळ. अपोलो बंदरासमोर नांगरलेली चौतीस फुटी शिडाची बोट. डोलकाठीच्या टोकाला माणूस.]

बसायला कॅनव्हासची खुर्ची, वर चढवायला कप्पी आणि दोरी. खाली विंच फिरवतेय बोटीची मालकीण. वर लटकलाय तो तिचा नवरा. एलिफंटाची लाँच शेजारून गेली की डेकवरच्या माणसाला जेमतेम कळतं, पण पंधरा मीटरवर हा चांगला झोकांडतो.

त्याच्या काखेत हातभर लांबीची पांढरी काडी आहे. हा व्हीएचएफ रेडिओचा, म्हणजे समुद्रावर एकमेकांशी बोलायच्या रेडिओचा अँटेना.

या दोघांना कोकण किनाऱ्यानं गोवा आणि पुढं कोची गाठायचंय. पैसे मोजके आहेत. दुकानात गेलं की हात आधी नकाशे दाखवणाऱ्या मोठ्या रंगीत पडद्यांकडं वळतो. यांनी खरेदी या काडीपासून सुरू केली. आमच्या मते हेच शहाणपणाचं.

[अँटेना बसतोय. जवळून.]

व्हीएचएफच्या लहरी जवळपास सरळ रेषेत जातात. पृथ्वी गोल असल्यानं पल्ला ठरतो तो मुख्यतः अँटेनाच्या उंचीवर. हातातला पाच वॅटचा संच कॉकपिटमध्ये बसून वापरला, तर तशाच दुसऱ्या छोट्या बोटीपर्यंत आवाज पाच-सहा सागरी मैल पोचला तरी पुष्कळ. पंचवीस वॅटचा पक्का बसवलेला संच आणि डोलकाठीच्या टोकाचा अँटेना असेल, तर तेवढ्याच उंच डोलकाठीच्या बोटीशी पंधराएक मैलांवरून बोलता येतं. किनाऱ्यावरच्या उंच मनोऱ्याशी त्याहून लांबून.

मग काडी एवढी आखूड का? लांब अँटेना शक्ती आडव्या पातळ पट्ट्यात फेकतो. मोटरबोटीला ते चालतं. शिडाची बोट वाऱ्यानं कलते, आणि तिच्याबरोबर तो पट्टाही कलून एका बाजूला पाण्यात, दुसऱ्या बाजूला आभाळात जातो. म्हणून इथं तीन डेसिबलची आखूड काडीच बरी; हा आकडा जितका मोठा, तितका पट्टा पातळ. विक्रेता सहा किंवा नऊ डेसिबलची महागडी दाखवेल, तिकडं बघायचं नाही.

[डोलकाठीच्या पोटातून वायर ओढली जातेय.]

आता वायर. या कामात अख्खी दुपार गेली, आणि आम्ही ती सगळी चित्रित केली, कारण बोटीवरचे रेडिओ बहुतेक इथंच मरतात.

संचापासून अँटेनापर्यंत जाणारी कोॲक्स वायर बारीक घेतली तर स्वस्त आणि ओढायला सोपी. पण वीस मीटर लांबीत ती अर्ध्याहून अधिक शक्ती गिळते. पंचवीस वॅटचा संच घ्यायचा आणि वर दहाच पोचवायचे, याला काय अर्थ? यांनी करंगळीएवढी जाड वायर घेतली. डोलकाठीच्या आत ती रात्रभर आपटू नये म्हणून जागोजागी बांधली. वरच्या जोडावर आपल्याआप एकजीव होणारी रबरी पट्टी ताणून गुंडाळली, वर साधी टेप. खाली डेकमधून आत शिरण्याआधी वायरला एक झोल ठेवला, पाणी तिथूनच गळून जावं म्हणून. खारं पाणी जोडात शिरलं की तांबं हिरवं पडतं. संचाचा दिवा मात्र लागलेलाच असतो, त्यामुळं बिघाड कळतो तो हाक मारायची वेळ आल्यावर.

[केबिन. रेडिओ चालू होतो. चॅनल १६.]

मोबाईल असताना हा खटाटोप कशाला, असं लोक विचारतात. किनारा लांब गेला की मोबाईलची रेंज जाते, हे एक कारण झालं. मोठं कारण असं, की मोबाईल एकाच माणसाला लागतो. सोळा नंबर हा संकटाच्या हाकेचा चॅनल. त्यावर मारलेली हाक टापूत रेडिओ लावून बसलेल्या सगळ्यांना ऐकू जाते, मग तो टँकर असो, ट्रॉलर असो की तटरक्षक दलाची नौका. झाकणाखालचं लाल बटण दाबून धरलं, तर चॅनल ७० वरून बोटीचा नऊ आकडी क्रमांक आणि जीपीएसची जागा आपोआप निघते. भारतीय बोटींचा हा क्रमांक ४१९ नं सुरू होतो. संच बोटीवर लावायला दूरसंचार विभागाचा परवाना लागतो. कागदपत्रांचं काम वेळखाऊ आहे, ते संच घेण्याआधीच सुरू करावं.

[छोटा पडदा. अक्षरं उमटतायत.]

हा नॅव्हटेक्स, समुद्रावरचे इशारे रेडिओवरून टिपणारं यंत्र. ५१८ किलोहर्ट्झवर ऐकत बसतो, वीज नावाला खातो, आणि इशारे अक्षरात दाखवतो. पश्चिम किनाऱ्यावर याची प्रक्षेपण केंद्रं आहेत वेरावळला आणि आपल्या वेंगुर्ल्याला. पल्ला सुमारे अडीचशे सागरी मैल. दर केंद्राची पाळी चार तासांनी येते. नको ते संदेश बंद करता येतात, पण हवामानाचा इशारा आणि शोध-बचावाचा संदेश बंद करता येत नाही. सिंधुदुर्गाच्या टोकावरून कुणी एवढं नेमानं बोलतंय, हे कोकणातल्या किती जणांना ठाऊक असेल?

मोबाईलवरचे वाऱ्याचे नकाशे हे दोघं बंदरातून निघण्याआधी उतरवून घेतात, भारतीय हवामान खात्याचं किनारपट्टीचं पत्रक आणि हैदराबादच्या इन्कॉइस या समुद्रविषयक माहिती केंद्राचा लाटांचा अंदाजही पाहतात. त्या नकाशांत मतलई आणि खाऱ्या वाऱ्याची रोजची अदलाबदल नीट उतरत नाही. ती किनाऱ्यावर नजर ठेवूनच कळते.

[भिंतीवरचं पितळी वायुभारमापक. शेजारी वही.]

याला वीज लागत नाही. आपल्याकडं हवेचा दाब दिवसातून दोनदा चढतो, दोनदा उतरतो. सकाळी दहाच्या सुमारास चढलेला, दुपारी चारला दोन-तीन मिलिबार उतरलेला. हा रोजचा श्वास वहीत उतरलेला असेल, तरच वेगळी घसरण ओळखू येते. सकाळी दहाला काटा चढण्याऐवजी उतरत असेल, तर बंदर शोधायचं.

[जुनी छायाचित्रं. मग गोव्यातली बोटबांधणी.]

मुंबईत बांधलेल्या 'सुहैली'तून रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन १९६८-६९ साली कुठंही न थांबता एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा करून आले. त्यांचा रेडिओ वाटेत बंद पडला. नोव्हेंबरात न्यूझीलंडजवळ दिसल्यावर थेट एप्रिलमध्ये अझोर्सच्या बाजूला एका टँकरला त्यांनी दिव्यानं खुणा केल्या, तेव्हा जगाला कळलं की माणूस जिवंत आहे. याच बोटीच्या धर्तीवर गोव्यात 'थुरिया' बांधली गेली. २०१८ च्या सप्टेंबरात दक्षिण हिंदी महासागरात ती उलटली, डोलकाठी मोडली, ती एकट्यानं हाकणारे भारतीय नौदलाचे अभिलाष टॉमी पाठीच्या दुखापतीनं जागचे उठू शकत नव्हते. उपग्रहावरून छोटे संदेश पाठवणारं यंत्र हाताशी होतं, त्यावरून त्यांनी हे कळवलं.

डोलकाठी पडली की तिच्या टोकाचा अँटेनाही जातो. म्हणून या बोटीवर जोडायला तयार असा दुसरा अँटेना मागच्या कठड्यावर आहे, आणि पाण्यापासून सुरक्षित हातातला संच, बोट सोडावी लागली तर उचलायच्या पिशवीत आहे.

ओखी चक्रीवादळ २०१७ मध्ये आलं, तौक्ते २०२१ मध्ये. दोन्ही वेळा अरबी समुद्रात माणसं गेली.

[पिवळा ईपर्ब. हातात घेऊन दाखवतायत.]

हा ४०६ मेगाहर्ट्झचा ईपर्ब, संकटात बोटीची हाक पाठवणारं यंत्र. याची हाक उपग्रहामार्फत बंगळुरूच्या केंद्राला आणि तिथून तटरक्षक दलाला जाते. नोंदणी केलेली असावी, बॅटरीची तारीख बघावी.

सॅटेलाइट फोन घेऊन टाकू, असं परदेशातले शिडवाले सहज म्हणतात. भारतात तो सरकारी परवानगीशिवाय बाळगणं गुन्हा आहे. परदेशातून मागवायच्या आधी हे माहीत असावं.

राहिला एचएफ, म्हणजे लांब पल्ल्याचा रेडिओ. हजारो मैल बोलतो खरा, पण त्याला डोलकाठी मागून ताणून धरणाऱ्या तारेचा अँटेना, ट्यूनर, चांगलं अर्थिंग आणि भरपूर बॅटरी लागते. कोचीपर्यंत किनारा धरून जाणाऱ्या बोटीला त्याची गरज नाही. लक्षद्वीपमधल्या मिनिकॉयच्या पलीकडं जायचं ठरलं, तर डोलकाठीची मागची तार उतरवून पुन्हा इथूनच कामाला लागायचं, असं या दोघांचं ठरलंय.