एक विषय, एक शीर्षक : ग्रंथालयाच्या तालिकेची साफसफाई

(वडोदऱ्यातील मराठी ग्रंथपाल आणि वाचनालयांच्या कार्यकर्त्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, समोरच्या पडद्यावर तालिकेच्या, म्हणजे ग्रंथालयातल्या पुस्तकांच्या सूचीच्या, विषयाच्या रकान्यात एकच शब्द टाकला आहे : शिक्षा. खाली आलेली यादी बघा. फौजदारी कायद्यावरचं मराठी पुस्तक, त्याखाली प्राथमिक शाळेत गणित कसं शिकवावं यावरचं हिंदी पुस्तक, आणि त्याखाली पाणिनीय शिक्षेची संस्कृत आवृत्ती. नोंद करणाऱ्या तिघांपैकी कोणीही चुकलेलं नाही. मराठीत शिक्षा म्हणजे दंड, हिंदीत शिक्षण आणि संस्कृतात वेदांगांपैकी उच्चारशास्त्र. पण तालिका एक आहे. तिला अर्थ कळत नाही, अक्षरं तेवढी कळतात.

आपल्या गावात हा प्रश्न इतरांपेक्षा जास्त बोचतो, कारण इथल्या कपाटांत मराठी, गुजराती, हिंदी, संस्कृत आणि इंग्रजी पुस्तकं पिढ्यान्‌पिढ्या शेजारी उभी आहेत. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये अमेरिकेहून ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांना बोलावलं, तेव्हापासून इथे ग्रंथालय ही गंभीरपणे करायची गोष्ट मानली गेली. बॉर्डन यांनी बडोद्यासाठी जी वर्गीकरण पद्धत बसवली, तिच्यात मेल्विल ड्यूई आणि चार्ल्स कटर या दोन्ही अमेरिकन ग्रंथपालांच्या पद्धतींचा आधार होता. त्याच कटरनी १८७६ मध्ये छापील तालिकेचे नियम लिहिताना सांगून ठेवलं की एखाद्या विषयावर ग्रंथालयात काय काय आहे, हे तालिकेने दाखवलं पाहिजे. हे ‘काय काय’ महत्त्वाचं. अर्धी पुस्तकं ‘पाककला’ या विषय-शीर्षकाखाली, म्हणजे विषयाच्या ठरलेल्या नावाखाली, आणि अर्धी ‘पाकशास्त्र’खाली असतील, तर वाचकाला अर्धीच सापडतात, आणि उरलेली अर्धी राहिली हे त्याला कळतसुद्धा नाही. लाकडी खणांतल्या तालिकापत्रांच्या काळात ही दोन शीर्षकं एकमेकांपासून दोन बोटांवर असत, चाळताना हाताला लागत. पडदा मात्र विचारलं तेवढंच दाखवतो.

कामाला कुठून सुरुवात करायची? शीर्षकं बदलण्यापासून अजिबात नाही. आधी सगळ्या नोंदींची मार्क स्वरूपात, म्हणजे ग्रंथालयीन नोंदींच्या यंत्रवाचनीय साच्यात, निर्यात करा, ती फाइल तारखेसह दोन ठिकाणी ठेवा आणि साफसफाई चालू असेपर्यंत नवं शीर्षक तयार करण्याचा अधिकार एकाच माणसाकडे द्या. मग सहाशेच्या घरातली सगळी क्षेत्रं, म्हणजे नोंदीतले विषयाचे क्रमांकित रकाने, एका तक्त्यात काढा : ६०० व्यक्ती, ६१० संस्था, ६३० ग्रंथनाम, ६५० विषय, ६५१ स्थळ, ६५५ साहित्यप्रकार. तक्त्यात नोंद क्रमांक, क्षेत्र क्रमांक, दोन्ही दर्शक (क्षेत्र क्रमांकामागचे एकेका अंकाचे संकेत) आणि प्रत्येक उपक्षेत्राला (क्षेत्रातल्या ‘ए’, ‘एक्स’ अशा खुणेच्या तुकड्याला) स्वतंत्र रकाना हवा. नोंद क्रमांक नसलेला तक्ता निरुपयोगी, कारण सुधारलेलं शीर्षक परत कुठे बसवायचं हे तो सांगू शकत नाही. मार्कएडिट या मार्क नोंदी हाताळणाऱ्या प्रणालीतून असा तक्ता निघतो. कोहा ही ग्रंथालय-प्रणाली वापरणाऱ्यांना तो अहवालातूनही काढता येतो.

तक्ता हाती आला की प्रत्येक शीर्षक किती वेळा आलं आहे ते मोजा आणि चढत्या क्रमाने लावा. एकदाच आलेली शीर्षकं वर येतील. बहुतेक टंकनचुका तिथेच दडलेल्या असतात.

पहिली फेरी यांत्रिक आहे. शेवटचा पूर्णविराम, दुहेरी मोकळी जागा, शब्दाआधीची रिकामी जागा, हे सगळं एकदम काढता येतं. त्यानंतरचा दोष मोठा असतो. ‘भारत--इतिहास--ब्रिटिश काळ’ असं सबंध वाक्य दोन-दोन रेघा मारून उपक्षेत्र ‘ए’मध्ये टाकलेलं असतं, तेही ६५० मध्ये. पडद्यावर ते ठीक दिसतं. पण यंत्राच्या दृष्टीने तो एक सलग शब्दसमूह आहे. त्याला त्यात स्थळ दिसत नाही, काळ दिसत नाही. भारत हे स्थळ, म्हणून क्षेत्र ६५१. इतिहास हे विषयाचं उपविभाजन, ते ‘एक्स’मध्ये. काळ ‘वाय’मध्ये. विषयाच्या मागे स्थळ येत असेल तर ते ‘झेड’मध्ये. उरलं ‘व्ही’, म्हणजे ग्रंथाचं रूप. मराठीचा शब्दकोश असेल तर ‘मराठी भाषा – शब्दकोश’ यातला शब्दकोश ‘व्ही’मध्ये जातो, कारण ते पुस्तक स्वतःच शब्दकोश आहे. मराठी शब्दकोश कसे घडले यावरचा ग्रंथ असेल तर तोच शब्द ‘एक्स’मध्ये, आणि त्यामागे इतिहास. हा फरक पुस्तक उघडल्याशिवाय कळत नाही. म्हणून इथे घाऊक बदल करू नका.

असाच गोंधळ कादंबरीचा. कादंबरी स्वतः हाती असेल तर ‘मराठी कादंबऱ्या’ हा तिचा विषय नाही, प्रकार आहे. तो ६५५ मध्ये. कादंबरीवरची समीक्षा ६५० मध्ये. आणि बाणभट्टाच्या कादंबरीवरचा अभ्यासग्रंथ या दोन्हींत नाही. तो ६०० मध्ये, बाणाच्या नावाखाली, उपक्षेत्र ‘टी’मध्ये कृतीचं नाव देऊन. गुजराती पुस्तकांच्या नोंदींत हाच साहित्यप्रकार ‘नवलकथा’ म्हणून येतो आणि हिंदीत ‘उपन्यास’.

आता लिपीकडे वळू. इथे जरा थांबायला हवं, कारण इंग्रजी तालिकांसाठी लिहिलेल्या मार्गदर्शिकांत यातलं काहीच सापडत नाही. ‘कादंबऱ्या’ हाच शब्द घ्या. त्यातला अर्धा र संगणकात दोन तऱ्हांनी साठवला जातो. एकीत नुक्ता (खालचं टिंब) असलेला ऱ, हलन्त आणि य. दुसरीत साधा र, हलन्त, मग न दिसणारं जोडचिन्ह आणि य. पडद्यावर दोन्ही अगदी सारखे. शोध घेताना मात्र ते दोन वेगळे शब्द ठरू शकतात, आणि यादीत एकच शीर्षक दोनदा दिसतं. ‘ॲ’चंही तसंच : एकसंध अक्षर एक आणि अ-वर चंद्र देऊन केलेलं दुसरं. युनिकोडचं नेहमीचं सामान्यीकरण, म्हणजे एकाच अक्षराच्या वेगळ्या साठवणी एका रूपात आणण्याची प्रक्रिया, चालवलं तर नुक्त्याची बरीचशी अक्षरं एकसारखी होतात, पण या दोन जोड्या तशाच राहतात. त्यांच्यासाठी बदलाचे स्वतंत्र नियम लिहावेच लागतात.

इथे क्रम चुकवू नका. न दिसणारी चिन्हं म्हणजे कचरा असं समजून ती आधीच पुसून टाकली, तर ‘कादंबऱ्या’चं ‘कादंबर्या’ होतं, रफार थेट य-च्या डोक्यावर जाऊन बसतो. ‘शेतकऱ्यांच्या चळवळी’, ‘दऱ्याखोरी’, सगळ्यांची तीच गत. आधी जोडचिन्हाच्या र-चं नुक्त्याच्या ऱ-मध्ये रूपांतर करा, ते झाल्याची खात्री करा आणि मगच उरलेली अदृश्य चिन्हं काढा.

त्यानंतर शुद्धलेखन. मराठी साहित्य महामंडळाचे नियम १९६२चे, त्यात १९७२ मध्ये भर पडली. त्याआधीच्या पुस्तकांची शीर्षकं ‘संस्कृति’, ‘नीति’, ‘भक्ति’ अशी ऱ्हस्व. आजच्या नियमाने ‘संस्कृती’, ‘नीती’, ‘भक्ती’. ग्रंथाचं नाव शीर्षकपृष्ठावर आहे तसंच ठेवायचं, त्याला हात लावायचा नाही. विषय-शीर्षक मात्र आपलं आहे, ते आजच्या नियमाने. हिंदी-गुजराती नोंदींत ‘संस्कृति’ हेच शुद्ध आहे, हे विसरून सगळीकडे दीर्घ करत सुटू नका. आधी नोंदीची भाषा गाळून घ्या. ‘तत्वज्ञान’ आणि ‘तत्त्वज्ञान’ ही जोडी मात्र प्रत्येक तालिकेत असतेच, ती डोळे झाकून दुरुस्त करा.

जवळपासची रूपं गोळा करायला ओपनरिफाइन ही तक्ते साफ करण्याची प्रणाली चांगली आहे, फुकट आहे. त्यातली ‘फिंगरप्रिंट’ पद्धत विरामचिन्हं काढते, शब्द वर्णक्रमाने लावते आणि जुळणारी शीर्षकं एकत्र दाखवते. त्यामुळे ‘इतिहास, मराठ्यांचा’ आणि ‘मराठ्यांचा इतिहास’ एकत्र येतात, हे हवंच आहे. पण ‘शिक्षण – मानसशास्त्र’ आणि ‘मानसशास्त्र – शिक्षण’ हीही एकत्र येतात, आणि ते चूक आहे. पहिला विषय शिकण्याशिकवण्यामागचं मानसशास्त्र, दुसरा मानसशास्त्र हा विषय शिकवणं. उच्चारावर आधारलेल्या पद्धती युरोपीय भाषांसाठी बांधलेल्या आहेत, देवनागरीसाठी त्या सोडून द्या. अक्षरांमधलं अंतर मोजणारी पद्धत चालते, पण तिला ‘दिन’ आणि ‘दीन’ सख्खे भाऊ वाटतात. प्रत्येक गठ्ठा माणसाने वाचूनच ‘एकत्र करा’ म्हणायचं.

इथवरचं काम टंकनाचं. यापुढचं निर्णयाचं. पाककला, पाकशास्त्र, पाकक्रिया, स्वयंपाक : यातलं कोणतं ठेवायचं? मराठीत सगळ्या ग्रंथालयांनी मान्य केलेली एकच शीर्षकसूची नाही, म्हणून निवडीचा क्रम आपणच ठरवून लिहून ठेवायला हवा. माझं मत असं : आधी मराठी विश्वकोशातलं नोंदशीर्षक, तिथे नसेल तर भाषा संचालनालयाचा परिभाषा कोश, तिथेही नसेल तर अलीकडच्या पुस्तकांच्या नावांत सर्वांत जास्त येणारा शब्द. वाचक बोलतो तो शब्द आणि कोशातला शब्द यांत भांडण झालं तर मी वाचकाच्या बाजूने जाईन, कारण शोधणार तो आहे. लायब्ररी ऑफ काँग्रेसनेही २०१० मध्ये ‘कुकरी’ सोडून ‘कुकिंग’ घेतलं, ते लोकांच्या तोंडी तो शब्द रुळल्यावरच.

न निवडलेले शब्द फेकायचे नाहीत. निवडलेल्या शीर्षकाची प्रमाण नोंद, म्हणजे ते शीर्षक आणि त्याची पर्यायी रूपं सांगणारी स्वतंत्र नोंद, करा : विषयासाठी १५०, स्थळासाठी १५१, व्यक्तीसाठी १००. बाकीची रूपं ४५०, ४५१, ४०० मध्ये, म्हणजे ‘पाहा’ संदर्भ. संबंधित विषय ५५० मध्ये, ‘हेही पाहा’. आणि ६८० मध्ये दोन ओळींची व्याप्तिटीप : या शीर्षकाखाली काय येतं, काय येत नाही. ही टीप लिहायचा सगळ्यांना कंटाळा येतो. पण ती नसेल तर पुढच्या माणसाला तोच निर्णय पुन्हा घ्यावा लागतो, आणि तो वेगळा घेतो.

समोरच्या ‘शिक्षा’चं उत्तर इथेच मिळतं. कंसात भेद द्या : ‘शिक्षा (दंड)’, ‘शिक्षा (वेदांग)’, आणि हिंदी पुस्तकं ‘शिक्षण’खाली आणून हिंदी शब्दाचा ‘पाहा’ संदर्भ द्या. ‘लग्न’ आणि ‘लग्न (ज्योतिष)’ हेही तसंच.

स्थळांत आपलंच गाव बघा : बडोदा, बडोदे, बडोदें, वडोदरा. शहर तेच आणि फक्त नाव बदललं असेल, तर विषय म्हणून आजचं नाव वापरावं आणि जुनी सगळी रूपं ४५१ मध्ये घालावीत. पण ‘बडोदा संस्थान’ हे शहर नव्हे. १९४९ मध्ये मुंबई राज्यात विलीन झालेला तो वेगळा प्रदेश आहे. त्याचं शीर्षक स्वतंत्र राहील आणि दोन्हींत ‘हेही पाहा’ असेल. संस्थानच्या शेतसारा पद्धतीवरचा ग्रंथ वडोदरा शहराखाली टाकला तर तो कायमचा हरवला. व्यक्तींबाबत ‘सयाजीराव गायकवाड’ एवढ्यावर थांबू नका, या नावाचे राजे एकाहून अधिक झाले. क्रम आणि १८६३–१९३९ ही वर्षं जोडा. समाजांची अवमानकारक जुनी नावं असतील तर शीर्षक आजच्या, त्या समाजाने स्वीकारलेल्या शब्दात हवं. ‘अस्पृश्य’ हा शब्द जुन्या ग्रंथनामांत असल्यामुळे ‘दलित’ या प्रमाण नोंदीत संदर्भापुरता ठेवावा, म्हणजे अभ्यासकाची वाट बंद होत नाही.

दर्शकाकडेही लक्ष हवं. ६५० मधला दुसरा दर्शक ० असेल तर शीर्षक लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या यादीतलं आहे असा दावा होतो. आपण मराठीत रचलेल्या शीर्षकापुढे ० हा खोटा दावा आहे. तिथे ७ द्या आणि उपक्षेत्र २ मध्ये यादीचा संकेत लिहा. निदान ४ तरी द्या. उतरवून घेतलेल्या इंग्रजी नोंदीतलं मूळ शीर्षक पुसू नका, आपलं शेजारी जोडा.

घाऊक बदल आधी चाचणीच्या प्रतीवर करा, वीस नोंदी निवडून डोळ्यांनी तपासा. बदल नेहमी संपूर्ण उपक्षेत्र जुळलं तरच करायचा. शब्दाचा तुकडा शोधून बदललात तर ‘कला’ बदलताना ‘कलाकार’ आणि ‘शिल्पकला’ही बदलतात. कोहामध्ये पुस्तकाच्या नोंदीचा प्रमाण नोंदीशी दुवा जोडणारी आज्ञावली आधी चाचणी पर्यायावर चालवा. नवी प्रमाण नोंद आपोआप तयार करण्याची सोय बंद ठेवा, नाहीतर प्रत्येक टंकनचुकीला स्वतःची प्रमाण नोंद मिळते. आणि एक गोष्ट नेहमी फसवते : एखादी प्रमाण नोंद ठरावीक मर्यादेपेक्षा, मूळ मांडणीत ५० पेक्षा, जास्त पुस्तकांना जोडलेली असेल, तर बदल लगेच उतरत नाही, तो रात्रीच्या नियोजित कामाकडे जातो. ते काम सर्व्हरवर लावलेलंच नसेल तर लहान शीर्षकं बदललेली दिसतात आणि मोठी जशीच्या तशी राहतात. मग लोक हाताने बदलायला बसतात, आणि दुवे तुटतात. आधी ते काम चालू आहे का बघा, मग शोधाची अनुक्रमणी नव्याने बांधा, आणि मग जुना शब्द टाकून वाचकासारखा शोध घ्या.

पुढे दर महिन्याच्या अखेरीस त्या महिन्यात नव्याने आलेली शीर्षकं काढा. लहान ग्रंथालयात ती यादी एका पानाची असते. प्रमाण नोंद नसलेलं शीर्षक ज्या पुस्तकाला दिलं आहे, ते पुस्तक कपाटातून काढून ठेवा, आणि निर्णय पुस्तक हातात असतानाच घ्या.