वरच्या गावातला फोन नंबर

नमस्कार मंडळी. हा जो समोर बंधारा दिसतोय ना, हा मलिकवाड आणि दत्तवाडच्या मधला, खालनं वाहतेय ती दूधगंगा. ह्या अंगाला मलिकवाड, म्हणजे कर्नाटक, बेळगाव जिल्हा. त्या अंगाला दत्तवाड, शिरोळ तालुका, महाराष्ट्र. आत्ता उन्हाळा आहे म्हणून बायका कपडे धुवायलात आणि पोरं उड्या मारायलीत, पण पावसानं जोर धरला की या, बंधारा दिसतच नाही, नुसतं तांबडं पाणी आणि त्यातनं वाहत येणारी झाडं, आणि पलीकडं लेक दिलेला माणूस ह्या काठावर उभा राहून फोनवर विचारत असतो, तिकडं कुठवर आलंय गं पाणी.

आपला आजचा विषय आहे आशिया. म्हणजे आशियातल्या वेगवेगळ्या देशांतली तरुण पोरं-पोरी एका ठिकाणी आणायची आणि पूर, धूर, नदीचं पाणी, ह्या एकट्या कुठल्या देशाला सुटत नाहीत अशा गोष्टींवर त्यांना मिळून कामाला लावायचं, ह्याचे प्रयत्न गेली पन्नासेक वर्षं चाललेत, त्याबद्दल. तुम्ही म्हणाल, कुठं आशिया आणि कुठं मलिकवाड. मला पण आधी तसंच वाटायचं.

2019 चा ऑगस्ट सांगतो. निपाणीजवळ यमगर्णीला वेदगंगेचं पाणी हायवेवर आलं, पुणे-बेंगळूर रस्ता बंद पडला, हे सगळ्यांनी टीव्हीवर बघितलं असेल. माझी आत्ती नदीकाठच्या गावात राहते. रात्री तिच्या परड्यात पाणी शिरलं, अंधारात म्हशींची दावी कापली, एक रेडकू गेलं. माणसं वाचली. आता ऐका, तिच्या मोबाईलवर आदल्या संध्याकाळीच मेसेज आला होता. पण तो कानडीत. आत्तीला कानडी बोलता येतं, बाजारात भाव पाडून घेण्याइतकं झकास येतं, पण वाचता येत नाही. नदीकाठच्या लोकांनी गुरंढोरं घेऊन उंचावर जावं असं त्यात लिहिलेलं, आणि हे तिला कळलं दुसऱ्या दिवशी, शाळेत काढलेल्या छावणीत, जेव्हा शेजारच्या सतरंजीवर बसलेल्या एका कानडी घरातल्या पोरीनं तो मेसेज तिला मराठीत वाचून दाखवला. पोरगी दहावीत होती. आत्ती अजून सांगते, ती पोरगी वाचता वाचता रडायला लागली.

ह्या पोरीला लक्षात ठेवा.

आता हे पाणी येतं कुठनं? दूधगंगा राधानगरी तालुक्यातल्या काळम्मावाडी धरणातनं येते, ते धरण महाराष्ट्रात पण दोन्ही राज्यांचं मिळून, कर्नाटकाच्या वाट्याला त्यातलं 4 टीएमसी, म्हणजे 4 अब्ज घनफूट पाणी. कृष्णेवर महाराष्ट्राच्या बाजूचा शेवटचा बंधारा राजापूरचा, शिरोळ तालुक्यातला, तिथं किती क्युसेक, म्हणजे सेकंदाला किती घनफूट पाणी चाललंय त्यावर आमच्या चिकोडी, अथणीकडच्या गावांची झोप ठरते. आणि खाली कर्नाटकातलं अलमट्टी धरण. दरवर्षी मे महिन्यात इकडचे लोक म्हणतात कोयनेतनं पाणी सोडा, नदी आटली, आणि ऑगस्टमध्ये तिकडचे लोक म्हणतात अलमट्टीतनं पाणी सोडा, सांगली-कोल्हापूर बुडालं. अलमट्टीची पाणी अडवायची उंची आज 519.60 मीटर, ती 524.256 मीटरपर्यंत न्यायला कृष्णेच्या पाणीवाटपासाठीच्या ब्रिजेशकुमार लवादानं 2010 मध्ये परवानगी दिली, आणि तेव्हापासून वरच्या लोकांच्या पोटात गोळा आहे. दोन्ही बाजूंची भीती खरी आहे. कोण खोटं बोलत नाही.

सीमाप्रश्नाबद्दल पण लोक विचारतील. 1956 ला राज्यं झाली तेव्हापासूनचं ते दुखणं आहे, 2004 पासून सुप्रीम कोर्टात आहे, माझं मत पक्कं आहे आणि ते माझ्या घरी कुणालाही विचारा. पण कोर्टाचा निकाल कुठल्याही बाजूनं लागू दे, दूधगंगा वरनंच खाली येणार आहे.

आता मेकाँगकडं चला. तिबेटच्या पठारावरनं निघते, चीन, म्यानमार, लाओस, थायलंड, कंबोडिया आणि मग व्हिएतनाममध्ये समुद्राला मिळते. सहा देश, एक नदी. कंबोडियात तिला टोनले साप नावाची नदी मिळते, आणि पावसाळ्यात मेकाँगला इतका फुगवटा येतो की ही टोनले साप चक्क उलटी वाहायला लागते, वरचं तळं भरून कितीतरी पट पसरतं, आणि त्याच पाण्यावर तिथल्या लाखो लोकांची मासळी आणि भात. म्हणजे वर कुणी दरवाजा उघडला किंवा बंद केला तर खाली कंबोडियातल्या कोळणीच्या चुलीवर त्याचा परिणाम. 1995 मध्ये खालच्या चार देशांनी मेकाँग नदी आयोग काढला. चीन त्यात सदस्य नाही. चीननं 2002 पासून पावसाळ्यातली पाणीपातळी कळवायला सुरुवात केली, आणि वर्षभराची आकडेवारी द्यायचं कबूल केलं ते 2020 मध्ये. अठरा वर्षं! नुसता आकडा सांगायला! हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला आत्तीच्या मोबाईलवरचा तो मेसेजच आठवला, कारण माहिती वरच्या माणसाकडं असते आणि गरज खालच्या माणसाला असते आणि मधे कुणीतरी बसलेलं असतं ज्याला घाई नसते.

मोठी माणसं बसली तर बरंच होतं, पण ती नेहमी बसत नाहीत. आपल्या दक्षिण आशियाचंच घ्या, इथल्या देशांची संघटना सार्क 1985 मध्ये ढाक्याला सुरू झाली, आणि तिची शेवटची शिखर परिषद झाली ती 2014 ला काठमांडूत. 2016 ची इस्लामाबादला व्हायची होती ती झालीच नाही. तोवर नद्या थांबतात होय?

म्हणून मला जपानच्या जहाजाची गोष्ट फार महत्त्वाची वाटते. जानेवारी 1974 मध्ये जपानचे पंतप्रधान काकुएई तानाका आग्नेय आशियाच्या दौऱ्यावर गेले, बँकॉकमध्ये विद्यार्थ्यांनी निदर्शनं केली, जकार्तात तर मोठी दंगल पेटली. युद्धात जपाननं काय केलं ते लोक विसरले नव्हते, आणि आता जपानी कंपन्या आल्या म्हणून राग. आणि त्याच वर्षी ठरलं की जपान आणि आग्नेय आशियातल्या पाच देशांची, इंडोनेशिया, मलेशिया, फिलिपीन्स, सिंगापूर, थायलंड, ह्यांची तरुण पोरं एका जहाजावर घालायची. काही दिवसांची परिषद नाही, कित्येक आठवडे एकत्र राहायचं. एका केबिनमध्ये वेगवेगळ्या देशांचे लोक, एकत्र जेवण, एकत्र चर्चा, आणि बंदराला लागलं की तिथल्या कुणाच्यातरी घरी मुक्काम. पुढं आसियानचे, म्हणजे आग्नेय आशियातल्या देशांच्या संघटनेचे, बाकीचे देशपण त्यात आले. ज्यांच्या आजोबांनी एकमेकांवर बंदुका रोखल्या ती पोरं एका ताटाला बसली, आणि हे भाषणानं होत नाही, समुद्रात लाट लागून उलटी व्हायला लागली की शेजारचा डोकं धरतो, त्यानं होतं.

आपल्याकडं हे नवीन नाही बरं का. साने गुरुजींनी आंतरभारतीचं स्वप्न बघितलं ते हेच, एका प्रांताच्या पोरानं दुसऱ्याची भाषा शिकावी, त्याच्या घरी राहावं. बाबा आमट्यांनी 1967 पासून चंद्रपूर जिल्ह्यातल्या सोमनाथला श्रमसंस्कार छावणी सुरू केली, देशभरातली पोरं तिथं येऊन कुदळ-फावडं हातात घेतात. तिकडं जामखेडला डॉक्टर रजनीकांत आणि मेबल आरोळे ह्यांनी 1970 पासून गावातल्या साध्या बायकांना आरोग्यसेविका केलं, 1979 मध्ये दोघांना आशियातला मानाचा मॅगसेसे पुरस्कार मिळाला, आणि मग परदेशातनं लोक जामखेडला शिकायला यायला लागले. शिकवायला कोण? त्याच बायका, ज्यातल्या कित्येक शाळेत गेल्या नव्हत्या. हे मला सगळ्यात आवडतं, कारण नेतृत्व म्हणजे काय ते तिथं कळतं. आमच्याकडं युवा नेता म्हटलं की चौकातलं वाढदिवसाचं डिजिटल पोस्टर डोळ्यापुढं येतं, मला तो अर्थ इथं नकोय. ज्याच्या सांगण्यावर शेजारी अंधारात दावं सोडतो तो नेता.

आता एक गोष्ट, जी मला वाटतं आमच्या भागातल्या प्रत्येक पोरानं ऐकायला पाहिजे. काठमांडूत इसिमोड नावाची संस्था आहे, 1983 मध्ये निघालेली, हिमालय आणि हिंदुकुश डोंगरातल्या आठ देशांची मिळून, त्यात भारत, पाकिस्तान, चीन, अफगाणिस्तान, नेपाळ, भूतान, बांगलादेश, म्यानमार सगळे आहेत. नेपाळमधनं बिहारच्या सीतामढी जिल्ह्यात एक लहान नदी उतरते, रातू तिचं नाव. पावसात एकदम फुगते. तर ह्या लोकांनी काय केलं, वर नेपाळमधल्या गावात पाण्याची पातळी मोजायचं साधं यंत्र बसवलं, ते सांभाळायला गावातलाच माणूस नेमला, आणि खाली भिट्ठामोड भागातल्या लोकांचे नंबर त्याला दिले. पाणी वाढलं की वरचा माणूस खालच्या माणसाला कळवतो, मधे आंतरराष्ट्रीय सीमा असली तरी. खालच्यांना काही तास मिळतात. काही तास म्हणजे म्हशी निघतात, धान्य माळ्यावर जातं, बाळंतीण दवाखान्यात पोचते. दिल्ली-काठमांडूच्या फायली त्यांच्या गतीनं जाऊ देत, वरच्या गावातला एक नंबर खालच्या गावात सेव्ह असला तर जीव वाचतो.

हे बघितलं आणि मी त्या पोरीकडं गेलो. छावणीतल्या. आता ती बेळगावात कॉलेजला आहे. घरात कानडी, गल्लीत मराठी, शाळेत इंग्लिश थोडंफार, टीव्हीवरनं हिंदी, म्हणजे चार भाषा कुठलाही क्लास न लावता. आमच्या भागात हे इतकं सगळीकडं आहे की त्याला कोण गुण समजतच नाही. अथणी-निपाणीकडं कोल्हापुरी चप्पल करणाऱ्या घरात बघा, माल कोल्हापूरला जातो, बोलणं दोन भाषांत. त्या चपलेचा जीआय टॅग, म्हणजे ही वस्तू ह्याच भागाची असं सरकारी मानांकन, तो पण दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांचा मिळून आहे, इकडचे चार जिल्हे, तिकडचे चार जिल्हे, बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर आणि कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर. भांडणाऱ्या दोन राज्यांनी एका चपलेवर मिळून सही केली, हे होऊ शकतं.

तर मी तिला म्हटलं, तू अशा एखाद्या आशियाच्या शिबिराचा फॉर्म का भरत नाहीस. तिनं लॅपटॉपवर दाखवलं. फॉर्म इंग्लिशमध्ये, निबंध इंग्लिशमध्ये, इंटरव्ह्यू इंग्लिशमध्ये, वर पासपोर्ट पाहिजे, आणि एक रकाना, तुम्ही आतापर्यंत कुठलं नेतृत्व केलं. ती म्हणाली, दादा, मी काय लिहू, मी तर फक्त मेसेज वाचून दाखवते.

मला हे सलतं. अशा कार्यक्रमांबद्दल माझ्या मनात आदर आहे, पण मोठ्या शहरातल्या चांगल्या कॉलेजातली पोरं एकमेकांना भेटली की आशिया जोडला जात नाही, त्यांची ओळख असतेच, इंग्लिश एकच, कॉफी एकच. मेकाँगकाठची कोळ्याची पोरगी, सीतामढीतला तो खालच्या गावातला पोरगा आणि आमची ही, ही तिघं एका खोलीत बसली पाहिजेत, आणि मधे दुभाषा पाहिजे, त्याचा खर्च करायला पाहिजे. पासपोर्ट काढून देणारं कुणीतरी पाहिजे. आणि परत आल्यावर त्यांच्या हातात सर्टिफिकेटच्या आधी एक काम पाहिजे, लहान, मोजता येणारं, दोन्ही काठांवर एकाच वेळी करायचं. मी तिच्याबरोबर बसून तो रकाना भरला. किती गावं, किती घरं, किती वर्षं, सगळं लिहिलं. ती दोनदा म्हणाली हे जास्त होतंय. मी म्हटलं, खरं आहे ना, मग राहू दे.

फॉर्मचं काय होईल ते होईल. पण काम आधीच चालू आहे. आम्ही पाच-सहा जणांनी एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढलाय, वर दत्तवाडकडचे काही, काळम्मावाडीच्या अंगाचा एक, खाली सदलगा, यडूर, मांजरीकडचे. राजकारण नाही, गुड मॉर्निंग नाही. सुरुवातीला दोघंजण भाषेवरनं भांडले, कानडीत लिहा, मराठीत लिहा, एकजण ग्रुप सोडून गेला, मग त्या पोरीनंच तोडगा काढला की लिहायचंच नाही, बोलायचं, दोन्ही भाषांत, कारण ज्याला वाचता येत नाही त्याला पण कान आहेत. सोडून गेलेला परत आला.

गेल्या पावसाळ्यातला हा तिचा आवाज. पहाटेचा, मागं पाऊस ऐकू येतोय. आधी मराठीत, राजापूरला पाणी चढायलंय, काळम्मावाडीतनं पण सोडलंय, दुपारपर्यंत आपल्याकडं येईल, गुरं आत्ताच वर काढा. मग तेच कानडीत, नीर बंतु, नीर बंतु. खाली लगेच उत्तरं, सदलगा ऐकलं, यडूर ऐकलं, मांजरी ऐकलं.

आत्तीला ग्रुप कळत नाही, तिचा नातू फोन तिच्या कानाला लावतो. ती पूर्ण ऐकून घेते, मराठी पण आणि कानडी पण, आणि मग परड्याकडं जाते दावी सोडायला.